रिपोर्टवर ‘हर्पिस’ लिहिलंय: कोणता, कुठे आणि आता काय करायचं?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर किंवा लॅबच्या रिपोर्टवर ‘हर्पिस’ हा शब्द दिसला की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो लैंगिक आजाराचा. म्हणून पाठीवर नागीण उठलेल्या सत्तरीतल्या आजोबांची फाइल घरातली माणसं लपवून ठेवतात. गरोदर बाई ‘हर्पिस पॉझिटिव्ह’ वाचून रात्रभर जागते, आणि एखाद्या जोडप्यात संशयाचं वादळ उठतं. यातला बराचसा त्रास अपुऱ्या माहितीमुळे होतो आणि तो टाळता येतो.

‘हर्पिस’ हा एक आजार नाही, ते विषाणूंचं एक कुटुंब आहे. त्यामुळे नुसतं ‘हर्पिस आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. विषाणू कोणता, तो शरीरात कुठे आहे आणि त्रास पहिल्यांदा होतोय की पुन्हा, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तरच पुढचं ठरतं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. कागद समोर ठेवून वाचा.

पायरी १: कुटुंबातला कोण, ते शोधा

माणसाला होणारे हर्पिस विषाणू आठ आहेत. सहाव्याचे ‘ए’ आणि ‘बी’ हे प्रकार वेगळे धरले तर नऊ होतात. गोंधळ असा की प्रत्येकाला एक क्रमांक असतो आणि बहुतेकांना वेगळं नावही असतं. एका कागदावर क्रमांक येतो, दुसऱ्यावर नाव, आणि आपल्याला वाटतं की दोन आजार झाले.

एचएसव्ही-१ आणि एचएसव्ही-२ म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्स. पहिला मुख्यतः ओठ आणि तोंडाभोवती, दुसरा मुख्यतः जननेंद्रियांवर. ‘मुख्यतः’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण एचएसव्ही-१ मुखमैथुनातून जननेंद्रियांवरही होतो आणि आता ते सर्रास दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या, म्हणजे जवळपास ६४ टक्के लोकांच्या शरीरात एचएसव्ही-१ आहे. १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५२ कोटी लोकांना एचएसव्ही-२ आहे. यातल्या बहुतेकांना आपल्याला तो आहे याची कल्पनाही नसते.

तिसरा व्हॅरिसेला झोस्टर, कागदावर व्हीझेडव्ही किंवा एचएचव्ही-३. लहानपणी याच्यामुळे कांजिण्या येतात, आणि हाच विषाणू पुढे कधीतरी जागा झाला की नागीण होते. ‘हर्पिस झोस्टर’ म्हणजे नागीण. लैंगिक संबंधांशी तिचा काहीही संबंध नाही. आपल्याकडे ओठावरच्या फोडांपासून जननेंद्रियांवरच्या हर्पिसपर्यंत सगळ्यालाच कुणी ना कुणी ‘नागीण’ म्हणतं, त्यामुळे चिठ्ठीवर ‘झोस्टर’ आहे की ‘सिम्प्लेक्स’ हे आधी पाहा. बाकी काही कळलं नाही तरी एवढा फरक लक्षात ठेवाच.

चौथा एपस्टाइन-बार, म्हणजे ईबीव्ही. १९६४ साली एपस्टाइन, अचाँग आणि बार यांनी तो एका प्रकारच्या कर्करोगाच्या पेशींमध्ये पाहिला. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो. लहान वयात झाला तर साध्या सर्दी-तापासारखा निघून जातो. तरुणपणी झाला तर ताप, दुखरा घसा, मानेतल्या गाठी आणि आठवडेच्या आठवडे टिकणारा थकवा असं चित्र दिसतं. त्याला ‘इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस’ म्हणतात.

पाचवा सायटोमेगॅलो, सीएमव्ही. धडधाकट माणसाला तो सहसा जाणवतही नाही. पण गर्भातलं बाळ आणि अवयव प्रत्यारोपण झालेला रुग्ण यांच्यासाठी तो गंभीर आहे. सहावा आणि सातवा विषाणू तान्ह्या मुलांच्या ‘रोझिओला’चे. यात तीन ते पाच दिवस सडकून ताप येतो आणि ताप उतरला की अंगावर गुलाबी पुरळ उठतं. ताप असतानाच पुरळ असेल तर गोवराचाही विचार करावा लागतो. आठवा विषाणू कापोसी सार्कोमा या गाठींशी निगडित आहे, आणि तो प्रामुख्याने प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्यांमध्ये त्रास देतो.

या सगळ्यांचा एक समान स्वभाव आहे: एकदा शरीरात शिरले की ते कायमचे राहतात. सिम्प्लेक्स आणि झोस्टर मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या पेशींच्या पुंजक्यांत जाऊन दडतात, ईबीव्ही पांढऱ्या पेशींमध्ये. या दडून राहण्याला रिपोर्टवर ‘लेटंट’ म्हणतात. पुन्हा उसळला की ‘रिॲक्टिव्हेशन’ किंवा ‘रिकरंट’, आणि आयुष्यातला पहिला संसर्ग असेल तर ‘प्रायमरी’. म्हणूनच ‘हा शरीरातून पूर्ण काढून टाका’ या मागणीला आज औषध नाही. तशी हमी देणाऱ्या कुठल्याही जाहिरातीवर विश्वास ठेवू नका.

पायरी २: नावाचा शेवट वाचा

विषाणू कळला की जागा शोधायची, आणि ती बहुधा नावातच असते. ‘लेबियालिस’ म्हणजे ओठावरचा, ‘जेनिटॅलिस’ म्हणजे जननेंद्रियांवरचा, ‘ऑफ्थाल्मिकस’ डोळ्याच्या भागातला, ‘ओटिकस’ कानाचा. ‘-आयटिस’ने शेवट झाला तर त्या अवयवाला सूज किंवा दाह आहे असं समजायचं. केराटायटिस म्हणजे डोळ्याच्या पारदर्शक पडद्याचा दाह, एन्सेफलायटिस मेंदूचा, ईसोफेजायटिस अन्ननलिकेचा, जिंजिव्होस्टोमॅटायटिस हिरड्या आणि तोंडाचा. हा शेवटचा प्रकार लहान मुलांमध्ये एचएसव्ही-१च्या पहिल्या संसर्गात दिसतो. मूल लाळ गाळतं, खायला-प्यायला नकार देतं आणि पाणी कमी पडून दवाखान्यात न्यावं लागतं. ‘-ॲल्जिया’ म्हणजे वेदना, म्हणून ‘पोस्टहर्पेटिक न्यूराल्जिया’ म्हणजे नागीण सुकून गेल्यावरही मागे राहिलेली मज्जातंतूची वेदना.

‘हर्पेटिक व्हिटलो’ हा बोटाच्या टोकाला होणारा सिम्प्लेक्सचा संसर्ग. तो नखुरड्यासारखा दिसतो, आणि पू काढायचा म्हणून कापला तर उलट चिघळतो.

‘डर्मेटोम’ हा शब्द नागिणीच्या कागदावर हमखास येतो. एका मज्जातंतूच्या ताब्यात असलेला त्वचेचा पट्टा म्हणजे डर्मेटोम. विषाणू एका मज्जातंतूतून बाहेर येतो म्हणून पुटकुळ्या त्याच पट्ट्यात उठतात, आणि शरीराची मधली रेषा सहसा ओलांडत नाहीत. नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही भीती याच कारणाने निराधार आहे. मात्र एकमेकांपासून दूरच्या अनेक पट्ट्यांत किंवा अंगभर फोड उठले असतील तर त्याला ‘डिसेमिनेटेड’ म्हणतात. तेव्हा वाट पाहू नका, रुग्णालय गाठा. असं होण्यामागे बहुधा खालावलेली प्रतिकारशक्ती असते.

पायरी ३: नावावर आणि दिसण्यावर जाऊ नका

काही आजारांच्या नावात हर्पिस आहे, पण विषाणू त्या कुटुंबातला नाही. ‘हर्पँजायना’ हा मुलांच्या घशात मागच्या बाजूला फोड आणणारा आजार कॉक्सॅकी आणि त्याच्या जवळच्या विषाणूंमुळे होतो. ‘डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस’मध्ये तर विषाणूच नसतो. ती खाजरी पुरळ ग्लूटेन न सोसणाऱ्या सीलिॲक आजाराशी जोडलेली आहे. दोन्हींवर ॲसायक्लोव्हिर या हर्पिसवरच्या औषधाचा उपयोग नाही.

दिसण्यातली फसगत त्याहून जास्त. तोंड येणं, म्हणजे गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पिवळट-पांढरा गोल व्रण, हा हर्पिस नव्हे आणि तो संसर्गजन्यही नाही. सिम्प्लेक्सच्या पुटकुळ्या सहसा ओठाच्या कडेवर, घोळक्याने येतात. त्याआधी एक दिवस तिथे चुणचुण किंवा आग होते, मग त्या फुटतात, खपली धरतात आणि आठ-दहा दिवसांत जातात. ओठांच्या कोपऱ्यात पडलेल्या चिरा बहुधा बुरशीच्या किंवा ओलसरपणाच्या असतात. हात-पाय-तोंड आजारात तळहात-तळपायांवर फोड येतात आणि तोही वेगळ्या विषाणूंमुळे होतो. नागिणीत फोड दिसण्याआधी दोन-तीन दिवस नुसतं दुखतं, त्यामुळे छातीवर असेल तर हृदयविकाराचा आणि पोटावर असेल तर अपेंडिक्सचा किंवा मूतखड्याचा संशय येतो. एकाच बाजूला आग होणारं, नुसतं कपडा लागला तरी झोंबणारं दुखणं असेल तर रोज सकाळी तिथली त्वचा उजेडात पाहा. पण छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासून घ्या, त्वचा नंतर.

पायरी ४: चाचणीतून काय कळतं आणि काय नाही

या पायरीवर सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे सावकाश वाचा.

ओला फोड असेल तर सर्वोत्तम चाचणी म्हणजे त्या फोडाच्या तळाचा स्वॅब घेऊन केलेली पीसीआर. ती विषाणू कोणता ते नेमकं सांगते. खपली धरल्यावर सिम्प्लेक्सच्या बाबतीत ती हुकू शकते, म्हणून फोड ताजे असतानाच जा. ‘झँक स्मिअर’ ही सूक्ष्मदर्शकाखालची जुनी चाचणी ‘या कुटुंबातलं काहीतरी’ इतकंच सांगते, सिम्प्लेक्स की झोस्टर ते सांगत नाही. कांजिण्या किंवा नागीण अनुभवी डॉक्टर बघूनच ओळखतात, आणि चाचणीची गरजही पडत नाही.

रक्ताच्या चाचण्या मात्र विषाणू मोजत नाहीत, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडी मोजतात. आयजीजी आणि आयजीएम हे अँटीबॉडीचे दोन प्रकार. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी, कदाचित वीस वर्षांपूर्वी, संसर्ग होऊन गेला. आयजीएम सर्वसाधारणपणे नव्या संसर्गात वाढते, पण हर्पिस कुटुंबात हा नियम लंगडा पडतो. सिम्प्लेक्सची आयजीएम जुना विषाणू पुन्हा उसळला तरी वाढते आणि कधी दुसऱ्याच संसर्गात चुकून पॉझिटिव्ह येते. म्हणून ‘संसर्ग नवा आहे का’ हे ठरवायला ती वापरू नये, आणि ती चाचणी केलीच नाही तर काही बिघडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एचएसव्ही आयजीजीवरून संसर्ग कुठून आला, कधी आला, शरीराच्या कुठल्या भागात आहे, यातलं काहीही कळत नाही. रिपोर्टवर ‘एचएसव्ही १+२ एकत्रित’ असं असेल तर त्याचा अर्थ लावायला बसूच नका, कारण लहानपणी ओठावरून झालेल्या एचएसव्ही-१मुळेही तो पॉझिटिव्ह येतो. दोन्ही वेगळे मोजलेले असले तरी एचएसव्ही-२चा आकडा सीमेच्या थोडाच वर, म्हणजे ३च्या खाली असेल तर तो खोटा पॉझिटिव्ह असण्याची शक्यता चांगलीच असते. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या सूचनेनुसार अशा वेळी दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्यावी. संसर्गानंतर अँटीबॉडी दिसायला १२ आठवड्यांपर्यंत लागू शकतात, तेव्हा लगेच केलेली निगेटिव्ह चाचणीही शेवटचा शब्द नाही.

आणि हे विशेष कळकळीने: लग्नाला किंवा नात्याला वर्षं झाल्यावर एकाला जननेंद्रियांवर पहिल्यांदा फोड आले, म्हणून दुसऱ्याने किंवा त्याने स्वतः विश्वासघात केला असं सिद्ध होत नाही. विषाणू लक्षणांशिवाय वर्षानुवर्षं राहू शकतो आणि नंतर पहिल्यांदा दिसू शकतो. एका कागदावरून जोडीदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

गरोदरपणातलं ‘टॉर्च पॅनेल’ असंच घाबरवणारं. त्यात टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला यांच्याबरोबर सीएमव्ही आणि हर्पिस असतात. सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह येणं ही जगातल्या बहुसंख्य प्रौढांची स्थिती आहे. वारंवार गर्भपात का झाले हे शोधायला या पॅनेलचा उपयोग नाही. सीएमव्हीची आयजीएमही पॉझिटिव्ह आली तर ‘आयजीजी ॲव्हिडिटी’, म्हणजे अँटीबॉडी विषाणूला किती घट्ट चिकटते ते पाहणारी चाचणी, करायला सांगा. ॲव्हिडिटी जास्त असेल तर संसर्ग तीन-चार महिन्यांहून जुना, कमी असेल तर अलीकडचा. हे गरोदरपणाच्या सुरुवातीला कळलं तर त्याला अर्थ आहे. बाळाला जन्मतः सीएमव्ही आहे का हे पाहायचं तर लाळेची किंवा लघवीची पीसीआर पहिल्या तीन आठवड्यांतच व्हायला हवी. नंतर पॉझिटिव्ह आली तर संसर्ग गर्भातला की जन्मानंतरचा ते सांगता येत नाही. बाळ श्रवणचाचणीत नापास झालं तर हे लगेच विचारा, कारण जन्मजात सीएमव्ही हे बहिरेपणाचं एक मोठं कारण आहे.

ईबीव्हीसाठी ‘व्हीसीए आयजीएम’, ‘व्हीसीए आयजीजी’ आणि ‘ईबीएनए’ असे तीन आकडे येतात. या त्या विषाणूच्या वेगवेगळ्या भागांविरुद्धच्या अँटीबॉडी. ईबीएनए आजारानंतर साधारण दीड ते तीन महिन्यांनी दिसते. म्हणजे ती पॉझिटिव्ह असेल तर आत्ताचा ताप ईबीव्हीचा नाही, असं बहुतेक वेळा धरता येतं.

पायरी ५: घाई कधी करायची

नागिणीत औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू व्हावं. ‘जरा सुकू दे, मग बघू’ म्हणत चार दिवस लेप लावण्यात गेले की सर्वात मौल्यवान वेळ हातची जाते. उशीर झाला तरी नवे फोड येत असतील तर डॉक्टर औषध देतात, तेव्हा तीन दिवस उलटले म्हणून घरी बसू नका.

कपाळावर, पापणीवर नागीण असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर डोळ्याला धोका जास्त, कारण दोन्हीकडे एकाच मज्जातंतूच्या फांद्या जातात. कानात फोड आणि चेहरा एका बाजूला वाकडा झाला तर तो ‘रॅमसे हंट सिंड्रोम’ असू शकतो. तिथेही उपचार लवकर झाले तर चेहऱ्याची हालचाल परत येण्याची शक्यता वाढते. लाल, दुखऱ्या, उजेड न सोसणाऱ्या डोळ्यात घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब घालू नका, कारण सिम्प्लेक्स असेल तर त्याने पडद्यावरचा व्रण पसरतो.

ताप, डोकेदुखी आणि त्याबरोबर भलतंच बोलणं, वागण्यात अचानक बदल किंवा झटके आले तर पुरळ असो वा नसो, थेट रुग्णालयात. हर्पिस एन्सेफलायटिसवर उपचार झाले नाहीत तर सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. म्हणून डॉक्टर खात्रीची वाट न पाहता शिरेतून ॲसायक्लोव्हिर सुरू करतात. एक महिन्याच्या आतल्या बाळाला फोड, ताप, सुस्ती किंवा दूध न पिणं यातलं काहीही दिसलं तर तोच नियम. इसब असलेल्या मुलाच्या अंगावर अचानक एकसारखे, खळग्यासारखे फोड पसरले तर तो ‘एक्झिमा हर्पेटिकम’ असू शकतो, तोही थांबण्यातला नाही.

गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत जननेंद्रियांवर पहिल्यांदाच फोड आले तर प्रसूतीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. आधीपासून असलेल्या हर्पिसमधून बाळाला संसर्ग क्वचित होतो, कारण आईच्या अँटीबॉडी बाळाला मिळालेल्या असतात. ताजा संसर्ग मात्र धोकादायक असतो, आणि तेव्हा सिझेरियनचा विचार होतो.

पायरी ६: औषध समजून घ्या

ॲसायक्लोव्हिर सिम्प्लेक्स आणि झोस्टरवर चालतं. विषाणूचं स्वतःचं एन्झाइम त्याला कामाला लावतं, त्यामुळे निरोगी पेशींना त्याचा त्रास फार कमी. या आणि इतर औषधांच्या शोधासाठी गर्ट्रूड एलियन यांना १९८८ सालच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. ॲसायक्लोव्हिर दिवसातून पाच वेळा घ्यावं लागतं. व्हॅलासायक्लोव्हिर पोटात गेल्यावर त्याच औषधात बदलतं आणि नागिणीत दिवसातून तीनदा पुरतं. गोळ्या विसरण्याची सवय असेल तर डॉक्टरांशी हे बोला. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तो आवर्जून सांगा. मात्रा कमी न केल्यास विशेषतः वृद्धांमध्ये गोंधळ आणि भास होतात, आणि घरच्यांना वाटतं आजार डोक्यात गेला. या गोळ्या घेताना पाणी भरपूर प्या.

ॲसायक्लोव्हिरचं मलम ओठावर चुणचुण सुरू होताच लावलं तर थोडा फायदा होतो. नागिणीवर त्याचा भरवसा ठेवू नका, तिथे गोळ्याच हव्यात. सीएमव्हीला गॅनसायक्लोव्हिर आणि व्हॅलगॅनसायक्लोव्हिर लागतात, आणि त्या रक्तपेशी कमी करतात म्हणून मधूनमधून रक्त तपासावं लागतं. ईबीव्हीच्या तापावर विश्रांती, पाणी आणि वेदनाशामक हेच उपाय. त्यात घशासाठी अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलीनच्या गटातलं अँटिबायोटिक दिलं तर अंगभर पुरळ उठू शकतं. ते बहुधा खरी ॲलर्जी नसते, तेव्हा ‘पेनिसिलीनची ॲलर्जी’ असा शिक्का आयुष्यभर बसू देऊ नका. प्लीहा सुजलेली असते म्हणून तीन-चार आठवडे धक्काबुक्कीचे खेळ आणि जड वजनं बंद ठेवा.

कांजिण्या झालेल्या मुलाला ॲस्पिरिन देऊ नका, कारण त्याने यकृत आणि मेंदूला इजा करणारा ‘रेये सिंड्रोम’ होऊ शकतो. आयब्युप्रोफेनही टाळा. तापाला पॅरासिटामॉल पुरे.

नागीण गेल्यानंतर तीन महिन्यांनीही दुखत असेल तर नेहमीच्या वेदनाशामकांनी ते भागत नाही. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ॲमिट्रिप्टिलिन किंवा लिडोकेनचे पॅच वापरतात. यातलं ॲमिट्रिप्टिलिन नैराश्याचं औषध म्हणूनही ओळखलं जातं. ते लिहून दिलं म्हणून डॉक्टरांना दुखणं मनाचं वाटतंय असं नाही.

पायरी ७: घरातल्या इतरांचं काय

नागिणीच्या रुग्णाकडून दुसऱ्याला नागीण लागत नाही. पण ज्याला कधी कांजिण्या झाल्या नाहीत आणि लसही मिळाली नाही, त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. फोड झाकून ठेवले आणि हात धुतले की धोका बराच कमी होतो, आणि सगळ्यावर खपली धरली की संपतो. कांजिण्या मात्र हवेतूनही पसरतात, पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून. संपर्कानंतर त्या १० ते २१ दिवसांत दिसतात.

ओठावर फोड असताना तान्ह्या बाळाची पापी घेऊ नका, आजी-आजोबांनाही हे न संकोचता सांगा. जननेंद्रियांवरचा हर्पिस फोड नसतानाही पसरू शकतो. कंडोम आणि वारंवार त्रास होणाऱ्यांनी रोज घेतलेली गोळी यांनी ती शक्यता कमी होते, शून्य होत नाही.

कांजिण्यांची लस मिचिआकी ताकाहाशी यांनी जपानमध्ये १९७४ साली विकसित केली. दोन मात्रा लागतात. ती जिवंत पण कमजोर विषाणूची असल्याने गरोदरपणात आणि प्रतिकारशक्ती फार खालावलेली असताना देत नाहीत. नागिणीची नवी लस जिवंत विषाणूची नाही. पन्नाशीनंतर दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिच्या दोन मात्रा घेतात, आणि चाचण्यांत तिचा प्रभाव ९० टक्क्यांच्या वर आढळला आहे. आधी नागीण होऊन गेलेल्यांनीही ती घ्यावी. माझा आग्रह आहे की घरातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांशी तिच्याबद्दल एकदा बोलावं, विशेषतः मधुमेह असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील तर.

घरात कांजिण्या निघाल्या आणि गरोदर बाईला त्या पूर्वी झाल्या होत्या की नाही हे आठवत नसेल, तर तिची व्हीझेडव्ही आयजीजी त्याच दिवशी तपासून घ्या. पॉझिटिव्ह आली तर ती सुरक्षित आहे. निगेटिव्ह आली तर संपर्कापासून दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडींचं, इंजेक्शन देता येतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. काही ठिकाणी त्याऐवजी ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या देतात. गरोदर नसलेल्या, लस न घेतलेल्या मोठ्या माणसाला किंवा मुलाला संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत लस दिली तरी कांजिण्या टळतात किंवा सौम्य होतात.